खारवणीचे हौद
पोर्तुगालमधल्या आमच्या गावाच्या किनाऱ्यावर रोमन लोकांनी मासे खारवायला बांधलेले दगडी हौद आहेत. दोन हजार वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. हॉटेलवाले ते बुजवायला निघाले, तेव्हा मात्र अख्ख्या गावाला इतिहासप्रेमाचं भरतं आलं.

सगळ्यात जास्त आलं ते एर्मेलिंदामावशींना. त्यांचं घर हौदांना अगदी लागून. बुलडोझर आला तशा त्या खुर्ची घेऊन हौदात उतरल्या आणि विणत बसल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, “बुजव मला. वर मीठ टाकायला विसरू नकोस, नाहीतर वास सुटेल.” ड्रायव्हरला हसू आवरेना. पेपरात मावशींचा फोटो आला, हॉटेलवाल्यांनी काढता पाय घेतला आणि सरकारने हौद संरक्षित म्हणून जाहीर केले.

लिस्बनहून एक तरुण अधिकारी फुलं घेऊन मावशींचे आभार मानायला आला. मावशींनी त्याला कौतुकाने भाजलेले सार्डिन वाढले. बाहेर त्याची माणसं संरक्षित जागेभोवती चुन्याची रेघ मारत होती. मावशींनी खिडकीतून पाहिलं, तर रेघ त्यांच्या घराच्या मागून चालली होती.

“अरे, तुझी माणसं चुकली बघ. माझं घर आत घेतलं त्यांनी.”

“चुकली नाहीत, मावशी. तुमच्या स्वयंपाकघराखाली अजून हौद आहेत. घर पाडावं लागेल.”

मावशींनी झारा खाली ठेवला. “अरे, पण हॉटेलवाले तर गेले ना? आता कुणापासून वाचवायचेत हौद?”

त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“तुमच्यापासून,” तो म्हणाला.