वीसपैकी वीस

दगडू म्हात्रेला वीसपैकी वीस मार्क पडले, तेव्हाच मंदाकिनीच्या मनात पाल चुकचुकली.

माजिवड्याच्या त्या केमिकल कारखान्यात कामगारांना सुरक्षेचं ट्रेनिंग आता कॉम्प्युटरवर द्यायचं ठरलं होतं. साल अठ्ठ्याण्णव. कुणाची सीडी घ्यायची ते ठरवणं ट्रेनिंग ऑफिसर म्हणून तिच्याकडे आलं. शेवटी दोन उरल्या. एक मुंबईच्या मोठ्या कंपनीची, चकचकीत. दुसरी डोंबिवलीच्या पोपट भोईरची. दहा जणांना बसवून तिने दोन्हींची परीक्षा घेतली. पोपटच्या सीडीवर नऊ जण दहा-अकराच्या पुढे सरकले नाहीत. दगडू फोरमन मात्र प्रश्न पुरता वाचायच्या आधीच बटण दाबत होता.

"हीच घ्या बाई," तो वर म्हणाला. "त्या मुंबईवाल्याची नुसती चित्रं."

रविवारी डोंबिवलीत भाजी घेताना तो तिला दिसला. ठाण्यात कोपरीला राहणारा माणूस, पोपटच्या ऑफिसचा जिना उतरत होता. तिला बघताच त्याने मान फिरवली.

सोमवारी तिने प्रश्न उलटसुलट करून त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा वीस.

आता शंकेला जागाच नव्हती. पोपटने उत्तरं पुरवली होती, आणि ती काही धर्मादाय नसणार.

तिने दार लोटून घेतलं. "दगडूकाका, तुम्ही बाबांबरोबर इथेच पंधरा वर्षं काम केलंत, म्हणून साहेबांकडे जायच्या आधी विचारते. पोपटने दिली ना तुम्हाला उत्तरं?"

"त्यानं काय दिलं नाय." दगडू पडद्याकडेच बघत होता. "मीच त्याला प्रश्न दिले."

"म्हणजे?"

"एकेक प्रश्न म्हणजे एकेक अपघात. ही वीसच्या वीस माणसं आपल्याच खात्यातली, बाई. कुणाचा हात गेला, कुणाचे डोळे. अपघाताच्या रजिस्टरात एक पण नाय. जुने सगळे गेले, नव्या पोरांना काय ठाऊक? निदान ह्याच्यात तरी बघतील."

मंदाकिनी खुर्चीत बसली. रागाची जागा लाजेने घेतली होती. "मग हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

दगडूने चाचपडत माऊस सरकवला आणि एक प्रश्न पडद्यावर आणला. टाकी साफ करायला आत उतरलेला कामगार, गॅसने कोसळलेला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझे बाबा हार्ट अटॅकने गेले, असं तुझ्या आईला सांगायला मीच आलेलो."