केळीचं टेबल

दुकानात शिरलं की आधी केळीचंच टेबल. एकेका केळ्यावर गोल स्टिकर आणि वर पाटी: ‘खास तुमच्या मातीतली’. पाटी मुंबईच्या ऑफिसात ठरली होती. चोपड्याची माणसं ती वाचून हसायची.

"काय वं पोरी, केया बी इकत लेवाना का आते?" साबणाची वडी पिशवीत टाकत बेबाबाईने विचारलं. "आमना घर घड टांगेल शे. धाडू का तुले?"

टेबलामागे उभी असलेली मोनाली हसली. पण तिचं सगळं लक्ष मागच्या खोलीकडे होतं. एरिया मॅनेजर ज्योत्स्ना सकाळीच जळगावहून आली होती. सलग तीन महिने ठरल्यापेक्षा जास्त माल सडला, की त्या टेबलावरच्या माणसाला काढायचं, असा कंपनीचा नियम. मोनालीचा असा तिसरा महिना आज संपत होता.

मागे काळ्या पडलेल्या केळ्यांचे क्रेट एकावर एक रचलेले. त्या गोड, आंबूस वासात ज्योत्स्ना मोबाइल हातात धरून उभी होती. मोनाली आणखी एक क्रेट घेऊन आत आली.

"ताई, मी तुम्हाला दोनदा लिहिलं होतं. निम्मीच पाठवा म्हणून. इथे केळी विकत कोण घेणार हो? ज्याचं शेत नाही, त्याचा मामा तरी केळीवाला असतो!"

"माहितीये गं. वाचलं मी."

"मग वर कळवलं?"

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर मुंबईच्या मोठ्या साहेबांचा चेहरा आला. ज्योत्स्नाने हातानेच मोनालीला थांबवलं.

"ज्योत्स्ना, पुण्याची जागा आज नक्की करतोय. तुझंच नाव पुढे आहे. फक्त या चोपड्याचं सांग. केळीच्या टेबलाची कल्पना माझी, सात वर्षं चाललीय. केळीच्या गावात केळी सडतात कशी?"

ज्योत्स्नाने क्रेटकडे पाहिलं, मग मोनालीकडे. मोनाली जोरजोरात मान हलवत होती. सांगा ना, सांगा.

"कल्पना उत्तमच आहे, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "मुलगी नवीन आहे. माल नीट हाताळता येत नाही तिला."

"मग बदल तिला. आणि अभिनंदन!"

स्क्रीन काळी झाली.

मोनालीने हातातला क्रेट खाली ठेवला. इतका अलगद, की एकही केळं हललं नाही. मग तिने एप्रनची गाठ सोडली, एप्रनची घडी केली आणि तिथेच उभी राहिली.

"ताई, तुम्ही पण इथूनच वर गेल्या ना? याच टेबलावरून?"

"हो."

"तेव्हा खपायची केळी?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं नाही काढलं?"

ज्योत्स्ना दारापर्यंत गेली होती. ती वळली नाही.

"टेबलावर आम्ही दोघी होतो," ती म्हणाली. "मी आणि जमना. नवीन ती होती."