अडईची शीळ

"हात सोडा बाई, लोकं बगतात," महिपत म्हणाला.

बाईजानं हात सोडला नाही. ती त्याची बायको होती, पण होळीपासून ते त्याच्या ध्यानात नव्हतं. तिनं भाकर वाढली की तो मान खाली घालून जेवायचा आणि "तुमच्या घरची वाट बगत असतील," म्हणून तिला जायला सांगायचा.

पुढे त्यांची नात कुणाली चालत होती. खर्डी स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना ती तलावाच्या कडेनं पाखरं दाखवत न्यायची. म्हाताऱ्याला घरी एकटं ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून आज दोघंही बरोबर होती. बाईजाच्या मनात आणखी एक होतं, ते तिनं कुणालीला सांगितलं नव्हतं. या काठावर तरी तो आपल्याला ओळखेल, एकदाच का होईना, असं तिला वाटत होतं.

वैशाखानं तलाव आटवला होता. कडेचा गाळ वाळून भेगाळला होता, पाणी तेवढं मधल्या खोलगटात उरलं होतं. कुणालीनं बोट दाखवलं.

"ती तांबूस बदकं बघा. अडई म्हणतात त्यांना. आवाज ऐका, शीळ घालतात."

"बाजारात मिळतात का गं?" एका पाहुण्यानं विचारलं. सगळे हसले.

तेवढ्यात अडया उठल्या. डोक्यावरून शीळ घालत एक फेरी मारून पुन्हा पाण्यात उतरल्या. महिपत थांबला. त्यानं बाईजाच्या हातातून हात सोडवला, दोन बोटं ओठांत धरली आणि हुबेहूब तशीच शीळ घातली.

पाहुण्यांनी मोबाईल वर केले. "आजोबा, परत एकदा!"

बाईजानं ती शीळ ओळखली. चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तरुणपणी महिपत तिला अशीच हाक मारायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती बायकांबरोबर पलीकडे गाळात हातानं मासे चाचपायला जायची. उशीर झाला की हा या काठावरून अडईची शीळ घालायचा. ती तोंडापाशी हाताची ओंजळ करून 'कूऽ' करायची. बायका तिला चिडवायच्या, "चल गो, तुजा नर बोलावतोय."

महिपतनं पुन्हा शीळ घातली आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा घातली, ती अर्ध्यातच तुटली.

"जबाब देत नाय," तो म्हणाला.

"कोन?" बाईजानं विचारलं.

"घरवाली. पान्यात गेलती. वर नाय आली आजून."

तो पाण्याजवळच्या ओल्या गाळात उतरला. चप्पल रुतली, ती तशीच सोडून पुढे निघाला. कुणालीनं धावत जाऊन त्याला कवेत धरलं. मोबाईल हळूहळू खाली आले.

बाईजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आवो, मी हितं हाय. बगा ना माज्याकडं."

महिपतनं बघितलं. सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी बऱ्या हाव, बाई," तो समजूत काढल्यासारखं म्हणाला. "पन मी तिला बगतोय."

बाईजानं त्याची चप्पल गाळातून काढली, हिरव्या लुगड्याच्या पदरानं पुसली, त्याच्या पायाशी ठेवली. मग कुणालीला म्हणाली, "धरून ठेव आज्याला. सोडू नको गो."

"तू कुठं निघालीस, आजी?"

ती पाण्याला वळसा घालून चालू लागली. गाळाच्या ढेपा पायाखाली फुटत होत्या. मधे एकदा ती गुडघा धरून वाकली, पुन्हा चालू लागली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिनं दम घेतला, हातांची ओंजळ तोंडापाशी नेली.

"कूऽऽ."

आवाज चिरका निघाला, पण पाण्यावरून पोचला. महिपतनं मान वर केली. आणि तो हसला. होळीपासून तो असा हसला नव्हता.

"हाय, हाय," तो कुणालीला म्हणाला. "ती बग. हिरव्या लुगड्यातली. माजी घरवाली." मग तो गाळातच मांडी घालून बसला आणि हात हलवू लागला.

पलीकडून बाईजानंही हात हलवला.

पाहुणे पुढे सरकले. ऊन चढलं होतं. अडया सावलीला लव्हाळ्यात शिरल्या. कुणालीनं डोळे पुसले आणि ओरडून म्हणाली, "आजी, ये ना आता. घरी जायचंय."

बाईजानं पाऊल उचललं. समोर महिपत अजून हात हलवत होता, तिच्याकडे बघत होता. तिनं ते पाऊल होतं तिथंच परत ठेवलं.