विरजणाची साक्ष

"हात लावून बघा ताई, भिंत कशी ऊबदार आहे!" एजंट रणदिवे म्हणाला.

मालनने हात लावलाच नाही. पृथ्वीचा ताप कमी करायला सूर्यावर पडदा ओढल्यापासून नाशकात बारमाही थंडी होती, आणि लबाड बिल्डर खोली तापवण्याऐवजी भिंतीतल्या यंत्रातून थेट मेंदूलाच ऊब असल्याचं भासवत. अशाच एका घरात तिचे सासरे "उकडतंय गं" म्हणत शाल काढून बसले आणि बसल्या जागी गारठून वारले.

म्हणून घर बघायला आली की ती सकाळी दुधाला विरजण लावून जायची आणि संध्याकाळी परत यायची. विरजणाला कोण काय भासवणार? अकरा घरांत दूध जसंच्या तसं राहिलं होतं.

या बाराव्या घरात सकाळी ठेवलेलं भांडं तिने आता उचललं आणि रणदिवेच्या कागदांवर सरळ उपडं धरलं. त्याने घाबरून कागद ओढून घेतले. पण थेंबही सांडला नाही. दही अगदी घट्ट लागलं होतं.

"घर घेतलं!" मालन खळखळून हसली. "पण तुमचाच भरवसा नव्हता हो!"

रणदिवे दह्याकडे बघतच राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "चमचाभर विरजण मला द्याल? आमच्या घरी लावून बघतो."