एक सबंध ओळ

शिपाईकाका दुसरीच्या वर्गाच्या दारावर कागद चिकटवत होते. बाई काकुळतीला आल्या, "काका, मुलं घरी गेल्यावर लावा ना हो."

"माझ्या हातात काय आहे, बाई? वरून सांगितलंय, दहाच्या आत लावून फोटो पाठवा."

घंटा झाली. मुलं ओळीने येताना दिसली तशा बाई कागदाला पाठ लावून उभ्या राहिल्या. शेजारच्या फळ्यावर त्यांच्याच अक्षरात पुढच्या महिन्याचे कार्यक्रम लिहिलेले होते: सहल, धावण्याच्या शर्यती, संमेलन.

"बाई, सरका ना. मला वाचायचंय."

ही चिमणी. वर्षभर पहिल्याच शब्दाला अडून रडणारी. हिने एक ओळ तरी वाचावी म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं होतं.

"आत्ता नको गं, राणी. आत चल, पुस्तकातलं वाच."

"तुम्हीच सांगता ना, दिसेल ते वाचायचं!" म्हणत ती बाईंच्या हाताखालून घुसलीच. अक्षरांखाली बोट धरून, शब्दाला शब्द जोडत तिने मोठ्याने वाचलं, "येत्या... सोमवारपासून... ही शाळा... कायमची... बंद."

सबंध ओळ वाचली की टाळ्या, हा वर्गाचा नियम. मुलांनी सवयीने टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनाही वाजवाव्या लागल्या.

चिमणीचे पाय जमिनीवर ठरेनात.

"बाई, एकदासुद्धा रडले नाही! सोमवारी याच्याहून मोठं वाचून दाखवते."