जावईबापूंची निंदणी

नानांच्या गव्हात गव्हासारखंच दिसणारं एक तण माजलं होतं. वर्षानुवर्षं तेच तणनाशक पिऊन ते इतकं निर्ढावलं होतं, की फवारणी झाली की आंघोळ करून आल्यासारखं टवटवीत दिसायचं. आता बी झडायच्या आत ते हातानं उपटणं एवढाच उपाय उरला होता. पण नानांची कंबर धरलेली, आणि मजूर मिळत नव्हते.

"मी येतो की," संक्रांतीला सासुरवाडीला आलेला हर्षल म्हणाला.

"छे छे! जावईबापूंनी फक्त जेवायचं," नाना म्हणाले. लग्न होऊन इतके दिवस झाले, तरी या घरात त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हते. पाहुणचारानं त्याचं वजन वाढलं होतं, पण घरातला होणं काही जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुपचूप शेतात गेला. नाना पोचले तेव्हा बांधावर मोठा ढीग पडला होता आणि घामाघूम हर्षल हसत उभा होता. नानांनी ढीग चाळला. सगळा गहू होता. तण शेतात ऐटीत डुलत होतं.

जावयाला बोलायचं नसतं, म्हणून नाना आवंढे गिळत राहिले. शेवटचा काही गिळला गेला नाही.

"अरे गाढवा! बुडाशी लालसर असतं ते तण! डोळे घरी ठेवून आलास का? बस खाली, दाखवतो!"

हर्षलनं मातीच्या हातानंच बायकोला फोन लावला. "अगं, नानांनी मला गाढव म्हटलं. अगदी तुला म्हणतात तसं!"