शेजारची चूल

“शनिवारी शेजारची चूल तू पेटवायचीस, द्वारका. त्या दिवशी ते विस्तवाला हात लावत नाहीत, आणि कुणाला सांगतही नाहीत. आपणच जायचं.” शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी तिचा हात धरून वचन घेतलं होतं.

त्या शनिवारी देवापुढे दिवा लावून द्वारका काड्यापेटी घेऊन निघाली, तर ओटीवर वाटच नव्हती. नवऱ्याचा छापखाना तिथेच. दोऱ्यांवर साप्ताहिकाचे ओले कागद वाळत होते आणि प्रत्येकावर तेच चित्र : बाकदार नाकाचा माणूस पृथ्वीच्या गोळ्यात नखं रुतवून बसलेला.

“अहो, हा कोण राक्षस?”

“ज्यू. जर्मनीतलं चित्र आहे, संपादकांनी छापायला ब्लॉक पाठवलाय. जग गिळायला निघालेत म्हणे.”

“तुम्ही पाहिलाय एखादा?”

“आपल्या रेवदंड्यात कुठले आलेत!”

“अहो, ‘परदेशात आम्हाला ज्यू म्हणतात,’ असं शेजारच्या शेगुलामावशींनीच सांगितलंय मला. ज्यू म्हणजे हे आपले शनिवार पाळणारे शनवार तेलीच की!”

आत देवापुढे जळत होतं ते तेल त्यांच्याच घाण्याचं होतं.

नवऱ्याचा शाईचा हात थांबला. “निम्मे अंक सकाळीच वाटले गं. एक त्यांच्याही ओटीवर टाकला. आज नको जाऊस. कुठल्या तोंडाने जाशील?”

पलीकडून आजारी मावशींचा खोकला ऐकू आला. त्यांच्या कौलांवर अजून धूर नव्हता.

द्वारकेने पदर सावरला, त्या चित्रांखालून वाकून वाट काढली आणि काड्यापेटी मुठीत धरून शेजारच्या बंद दाराकडे निघाली.